बाईंचे अकरा हत्ती

बाई फोन उचलून कधी हॅलो म्हणाल्या नाहीत. "बोला," म्हणायच्या. दारात कोणी आलं तरी तेच. दूधवाला, मीटर बघायला येणारा, वर्गणी मागणारी मंडळी, सगळ्यांना "बोला." मग मान जराशी डावीकडे कलती करून ऐकायच्या. समोरच्याच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत. भिंतीकडे, नाहीतर खाली फरशीकडे. नवीन माणसाला वाटायचं, ह्यांचं लक्षच नाही.

हिंगोलीच्या टेलिफोन ऑफिसात त्यांची सगळी नोकरी झाली. सुरुवातीला त्या ऑपरेटर होत्या. तेव्हा बाहेरगावी फोन लावायचा तर आधी नोंदवावा लागायचा, आणि लागला की तीन मिनिटं मिळायची. तीन मिनिटं भरली की ऑपरेटर मधे तोंड घालून तसं सांगायची. पुढं यंत्रं आली, बाईंना खिडकीवर बसवलं, मग त्या निवृत्त झाल्या. तीन मिनिटं मात्र सुटली नाहीत. घरी आलेल्या माणसाशी नीट बोलायच्या, चौकशी करायच्या, आणि मधेच उठून म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली." शेजारणी आधी हसल्या. मग त्यांना राग आला. मग त्या येईनाशा झाल्या. बाईंना त्याचं काही वाटलं असेल तर ते त्यांनी दाखवलं नाही. संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसायच्या आणि गल्लीतून जाणाऱ्यांची बोलणी ऐकायच्या. "तो साळुंक्याचा मोठा. आज काही तरी लपवून राहिलाय," असं आपल्याशीच म्हणायच्या.

मी त्यांच्याकडं आले ते माझे मालक वारल्यावर. लेकरू नव्हतं. साखऱ्याला दिराच्या घरात किती दिवस राहायचं म्हणून हिंगोलीला एक खोली घेतली आणि काम शोधायला निघाले. बाईंच्या दारात उभी राहिले तर आतून आवाज आला, "बोला." माझ्या तोंडातून शब्द फुटेना. लहानपणापासूनच माझं तसं आहे. चौथीत गुरुजींनी उभं केलं की पाटीकडं बघत राहायची.

"बोल गं बाई. मला आवाज तर ऐकू दे, मग कामाचं बघू."

"स्वैपाक येतो," मी म्हणाले.

"आणखी?"

"धुणंभांडी बी करते."

बाईंनी डोळे मिटून घेतले होते. "खरं बोलतेस. ये उद्यापासून."

आडनाव विचारलं नाही. कोणत्या आळीत राहतेस तेही विचारलं नाही. बाईंचं माहेर देवळातल्या पूजेचं घराणं. आम्ही बौद्ध. हे मी दुसऱ्या दिवशी आपणहून सांगितलं, कारण नंतर कळलं की लोक चिडतात. बाई म्हणाल्या, "मी काय विचारलं का? मीठ कमी टाकत जा, एवढंच."

त्यांचा एक भाचा महिन्यातून एकदा यायचा. भावाचा मुलगा. पूजेचं तो आणि त्याचे वडील बघायचे. खुर्चीवर बसायचा, मी पाणी आणलं की म्हणायचा, "आत्ताच चहा झाला." दर महिन्याला त्याचा आत्ताच चहा झालेला असायचा. एकदा बाई म्हणाल्या, "तुला रे चहा पाजणारे माझ्याच गल्लीच्या तोंडाशी उभे राहतात का?" तो हसला, पण पाणी काही घेतलं नाही.

बाईंचा लिहिलेल्यावर विश्वास नव्हता. पेपर घेत नसत. लग्नाची पत्रिका आली तर फोन करून विचारायच्या, "लग्न आहे ना खरंच?" लोकांना तो वेडेपणा वाटायचा. बाजारात त्या भाजीकडं बघायच्याच नाहीत. सगळ्या पाट्यांवरून खाली मान घालून एक फेरी मारायच्या, विकणाऱ्यांची ओरड ऐकायच्या, आणि मग एकीसमोर थांबायच्या. "ही घे मेथी. त्या पलीकडच्यानं 'ताजी' म्हणताना आवाज चढवला. कालची आहे त्याची." मी एकदा मुद्दाम त्या पलीकडच्याची जुडी उलगडून पाहिली. आत पिवळी होती.

मी त्यांच्याकडं नऊ वर्षं होते. नऊ वर्षांत, एक वेळ सोडली तर, मला त्या कधी "तीन मिनिटं झाली" म्हणाल्या नाहीत, कारण मी सलग तेवढं बोललेच नाही. दुपारी दोघी जेवायचो, त्या खुर्चीवर, मी खाली. त्यांनी वर बस म्हणून दोनदा सांगितलं, मी बसले नाही. घरात घड्याळाचा आवाज असायचा आणि ताटावर हाताचा.

एकदा मी कणीक मळत होते. बाई दारात येऊन म्हणाल्या, "आपण जहाजावर चाललो."

मला वाटलं, चेष्टा करतात. त्या चेष्टा करत नसत.

चेन्नईहून जहाज निघतं, श्रीलंकेला जातं, परत येतं. बाईंनी रेडिओवर ऐकलं होतं. एका बंदराला जहाज सकाळपासून थांबतं आणि तिथून तासाभरावर जंगल आहे, त्यात हत्ती मोकळे फिरतात. साखळी नाही, माहूत नाही. "मला ते बघायचेत," बाई म्हणाल्या. "एकटीला खोली दिली तरी पैसे दोघींचे घेतात. मग दुसरी जागा मोकळी कशाला ठेवायची? तू चल."

मी नांदेडच्या पुढं कधी गेले नव्हते. न्हाई म्हणायचं होतं. न्हाई म्हणायलाही बोलावं लागतं. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला तेव्हा त्यानं विचारलं, "मावशी, कुठं चालल्या? काहून चालल्या?" मी दाराची कडी धरून उभी. आतून बाई ओरडल्या, "हत्ती बघायला!" त्यानं माझ्याकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं, आणि काही तरी लिहून गेला.

जहाजवाल्यांचीच एक सहल होती जंगलाची. बाईंनी त्यांना फोन लावला. आधी यंत्र बोललं, हे हवं तर एक दाबा, ते हवं तर दोन दाबा. बाईंनी कपाळाला हात लावला. शेवटी एक मुलगी बोलली. बाईंनी तिला एकच विचारलं, तळ्याकाठी किती वेळ थांबता? ती म्हणाली, वीस मिनिटं. बाई म्हणाल्या, "वीस मिनिटांत हत्ती येतो का, मस्टरवर सही करायला?" आणि फोन ठेवला.

मग भाच्याला कामाला लावलं. त्यानं मोबाइलवर शोधून तिथल्या पाच जीपवाल्यांचे नंबर काढून दिले. देताना तो म्हणाला, "आत्या, तू काहून असं करून राहिलीस? जहाजाच्या सहलीत गेलीस अन् उशीर झाला तर जहाज थांबतं. आपल्या आपण गेलं तर थांबत न्हाई. लिवलंय इथं. सरळ निघून जातं. परक्या मुलखात दोघी काय करसाल?"

"लिहिलंय ना? मग असेल नसेल."

"आन् हिला कशाला नेऊन राहिलीस? हिला इंग्रजी पाटी वाचता येत न्हाई. तिकडं हरवली तर?"

मी तिथंच भांडी पुसत होते. बाई म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली रे."

तो गेल्यावर बाईंनी पाचही जणांना फोन केले. स्वैपाकघरातल्या उंच स्टुलावर बसून, पाठ ताठ करून, जशा ऑफिसात बसत असतील तशा. सगळ्यांना सारखंच विचारलं. येणार का, जीप कशी आहे, डांबरी सोडून आत किती जाणार. तिकडच्यांना मोडकी हिंदी येत होती, आपल्याकडची जहाजं जातात म्हणून. शेवटचा प्रश्न असा होता, "और हाथी नहीं दिखे तो?" चौघांनी एका दमात सांगितलं, शंभर टक्के दिखेगा मॅडम. पाचवा गप्प राहिला. बाईंनी फोन माझ्या कानाजवळ धरला. नुसता श्वास ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "फिर हम बैठेगा, मॅडम."

बाईंनी त्यालाच ठरवलं. फोटो बघितला नाही, जीपचा नंबर लिहून घेतला नाही. नाव तेवढं विचारलं, आणि तेही मला कधी सांगितलं नाही. "ज्याला उत्तर द्यायच्या आधी थांबावं लागतं, तो माणूस बरा," म्हणाल्या. पुढं तीन महिने दर रविवारी त्या त्याला फोन करायच्या. काय बोलायच्या कोणास ठाऊक. तळ्यात पाणी किती आहे, असलं काही. तीन मिनिटं झाली की ठेवायच्या.

गाड्या बदलत चेन्नईला गेलो. जहाजाचं काय सांगू, मी फार बघितलंच नाही. आमच्या खोलीला खिडकी नव्हती. जेवायच्या जागी इतकी माणसं आणि इतके दिवे, की मी दहीभात घेऊन कोपऱ्यात बसायची आणि लवकर खोलीत यायची. बाई मात्र खूश होत्या. खोलीच्या छतात एक भोंगा होता, त्यातून एक बाई सूचना द्यायची. आमच्या बाई पलंगावर बसून, डोळे मिटून तिला ऐकायच्या. "गोड आहे आवाज. आणि खरी आहे," म्हणायच्या. बंदराच्या आदल्या संध्याकाळी भोंग्यातल्या बाईनं सांगितलं की उद्या प्रवाशांनी साडेचारच्या आत परत यावं. बाईंनी मला मराठीत सांगितलं. साडेचार. पक्कं.

सकाळी उतरायला रांग लागली. जिन्याशी एका तिकाटण्यावर फळा ठेवला होता. बाईंनी त्याच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. मी पाहिलं. इंग्रजी मला येत नाही, पण आकडे कळतात. वरच्या ओळीच्या शेवटी साडेतीन लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ असावी, पण पुढच्या माणसाची मोठी टोपी आड आली, आणि मागचे लोक ढकलत होते. मी खाली आले.

साडेतीन. साडेचार नाही.

बाईंना सांगावं असं वाटलं. पण त्यांनी कानानं ऐकलेलं, आणि मी, जिला पाटी वाचता येत नाही ती, त्यांना चूक सांगणार? मी गप्प बसले. पुढं जे झालं ते त्या गप्प बसण्यापासून सुरू झालं.

बंदराच्या फाटकाबाहेर वीस-पंचवीस जीपवाले ओरडत उभे होते. कुणाकुणाच्या हातात नावाचे कागद होते. बाई मधोमध थांबल्या आणि डोळे मिटले. लोक आमच्या अंगावरून जात होते. मला लाज वाटत होती. बाईंनी मान कलती केली, मग डोळे न उघडता चार पावलं डावीकडे गेल्या आणि एका काळ्यासावळ्या, बुटक्या, पन्नाशीच्या माणसासमोर उभ्या राहिल्या.

"बोला," त्या म्हणाल्या.

तो माणूस इतका हसला की त्याचे पडलेले दात दिसले. "मॅडम!"

जीप उंच होती, वरून उघडी. चढताना बाईंचं गुडघ्याचं दुखणं कुठं गेलं कळलं नाही. अर्धा तास डांबरी होती, मग फाटक, मग लाल मातीची वाट, मग तीही बुजत गेली. काटेरी झुडपं दोन्ही बाजूंनी घासत होती. आपल्याकडं शेतात दिसतात तसे मोर होते, फार होते. एक घोरपड वाटेत आडवी पडली होती, ती उठेपर्यंत थांबलो. बाईंनी एकदाही विचारलं नाही की हत्ती कुठं. ड्रायव्हरनं वाटेवरची लीद दाखवली, खाली उतरून हात जवळ नेला आणि म्हणाला, "गरम है." तेवढ्यावर बाई लहान पोरीसारख्या मांडीवर हात आपटून हसल्या. त्यांना असं हसताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

तळ्याकाठी एका झाडाखाली जीप लावली. बारा वाजले होते. त्यानं सांगितलं, कळप पलीकडच्या रानात आहे, ऊन कलायला लागलं की दोन-अडीचला पाण्यावर येईल. आपण बसू. निघायला तीन वाजले तरी चालेल, साडेचारच्या आत बंदरावर सोडतो.

आम्ही बसलो. मी बांधून आणलेले पाव काढले, कोणी खाल्ले नाहीत. बाई डोळे मिटून होत्या. पाण्यावर बगळे होते, लांब म्हशी डुंबत होत्या. तीन मिनिटांच्या वर कुणाबरोबर न बसणाऱ्या बाई तिथं एक तास बसल्या, दीड तास बसल्या. त्यांचा चेहरा सैल पडला होता. मी त्यांच्याकडं बघायची आणि माझ्या डोक्यात साडेतीन वाजायचे. साडेतीनला जहाज सुटलं तर. परका मुलूख. बाईंची औषधं खोलीत. भाचा म्हणेल, मी सांगितलं होतं.

दीड वाजून गेला. दोन वाजायला आले. अडीचला निघालो तर पोचायचं साडेतीनलाच, तेही वाटेत काही नडलं नाही तर. मी पावांचं पुडकं बांधलं आणि सोडलं. दोनदा. मग म्हणाले, "बाई."

"काय गं?"

"फळ्यावर साडेतीन लिवलंय. जिन्याशी. मी बघितलं."

बाईंनी डोळे उघडले. ड्रायव्हरला माझ्या बोलण्यातलं काही कळलं नसेल, पण आमचे चेहरे बघून तो वळला. बाईंनी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "नहीं मॅडम, साडेचार. सब लोग साडेचार बोलता है."

"तू स्वतः पाहिलंस?" बाईंनी मला विचारलं.

"व्हय."

"साडेतीन?"

"व्हय बाई. साडेतीनच."

त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. पाण्याकडं बघत होत्या. मग ड्रायव्हरला म्हणाल्या, "चलो."

"मॅडम, आधा घंटा. वो आएगा."

"चलो. यह कभी बोलती नहीं. आज बोली है."

त्यानं जीप वळवली. वाटेच्या पहिल्या वळणावर मागून फांदी मोडल्याचा आवाज आला, मोठी फांदी, आणि मग एक घुमल्यासारखा आवाज, छातीत लागणारा. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला आणि मागं पाहिलं. झाडी होती, दिसत काही नव्हतं. तो बाईंकडं वळला. परत फिरायला दोन मिनिटं लागली असती. बाईंनी ते ऐकलं होतं, माझ्यापेक्षा जास्त ऐकलं असणार. त्यांनी दोन्ही हातांनी समोरची दांडी धरली आणि म्हणाल्या, "चलो, भाई."

बंदरावर पोचलो तेव्हा तीनला पाच कमी होती. जिन्याखाली पहाऱ्यावर एक आपल्याकडचाच माणूस होता. बाईंचं कार्ड बघून तो म्हणाला, "अरे मॅडम, इतनी जल्दी? आपका तो साढ़े चार है." बाईंनी फळ्याकडं बोट केलं. आता तिथं कोणी नव्हतं, फळा सगळा दिसत होता. तो म्हणाला, "साढ़े तीन स्टाफ का है. ऊपर स्टाफ, नीचे पैसेंजर."

खालच्या ओळीत साडेचार होतं. माझ्याएवढ्या मोठ्या अक्षरात होतं.

"बरं," बाई म्हणाल्या, मराठीतच. आणि जिना चढू लागल्या.

वर उघड्यावर खुर्च्या होत्या. तिथं आम्ही बसलो, पुढचा दीड तास. जहाजाच्या सहलीच्या बसगाड्या आल्या, लोक हसत, टोप्या उडवत वर आले. मी म्हणाले, "बाई, माझ्यामुळं." त्या म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली." मी तर तीन शब्दही बोलले नव्हते.

थोड्या वेळानं त्यांनीच बोलायला सुरुवात केली. त्या ऑपरेटर होत्या तेव्हा कनेरगाव नाक्याच्या एका ढाब्यावर फोन होता. जवळच्या खेड्यातली एक बाई आपल्या पोरीला घेऊन दर रविवारी तिथं येऊन बसायची. तिचा नवरा दक्षिणेत कुठं तरी जंगलात, धरणाच्या कामावर होता. तो फोन लावायचा आणि पोरीशी बोलायचा. काय बोलायचा? हत्ती. आज किती आले, पाण्यात कसे लोळले, सगळ्यात मागं एक लहान होतं ते चिखलात बसलं आणि आईनं सोंडेनं उठवलं. ऑपरेटरनं कुणाचं बोलणं ऐकायचं नसतं. ऐकलं तर नोकरी जाते. बाईंनी ते दोन वर्षं ऐकलं. "त्या माणसाला मी तीन मिनिटं झाली म्हणून कधी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "दहा दहा मिनिटं बोलू द्यायची. आमच्या घरी माझ्याशी कोणी असं बोललेलं नाही, लहानपणी नाही, नंतर नाही. मग एका रविवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. पोरगी ढाब्यावरून मला विचारायची, मावशी, बाबाचा आला का? मी म्हणायची, लाइन खराब आहे."

जहाज सुटलं तेव्हा साडेपाच झाले होते.

अंधार पडायच्या आत, मोबाइलला रेंज होती तोवर, त्यांनी ड्रायव्हरला फोन लावला. "सच बोलो," म्हणाल्या. मग नुसतं ऐकत राहिल्या. फोन ठेवून मला म्हणाल्या, "सव्वादोनला आले. अकरा होते."

हिंगोलीला आल्यावर तिसऱ्या दिवशी भाचा आला. चहा आत्ताच झाला होता. खुर्चीवर बसून त्यानं विचारलं, "मग आत्या, दिसले का हत्ती? का वाचायला कोणी नव्हतं म्हणून भलत्याच रस्त्याला लागल्या?" मी दारामागं होते. मी ठरवलं होतं, सांगून टाकायचं आणि काम सोडायचं. पदर खोचून मी दारात आलेही.

"दिसले," बाई म्हणाल्या. "अकरा."

त्याच बाई, ज्या मेथीवाल्याच्या आवाजावरून खोटं ओळखायच्या. आवाज चढला नाही, उतरला नाही. "सगळ्यात मागं एक लहान होतं. चिखलात बसलं. आईनं सोंडेनं उठवलं." भाच्यानं माझ्याकडं बघितलं. "व्हय का?" माझी मान हलली.

त्यानंतर त्यांनी ते किती जणांना सांगितलं, मोजता येणार नाही. शेजारणींनी ऐकलं आणि त्या परत यायला लागल्या. दूधवाल्यानं ऐकलं. गल्लीतली लेकरं ओट्यावर येऊन बसायची, "आजी, हत्ती सांगा." बाई सांगायच्या, आणि मग माझ्याकडं हात करून म्हणायच्या, "हिला विचारा, हिनंच आधी पाहिले." मी मान हलवायची आणि आत जायची. आम्ही दोघीच असलो की मात्र हत्तींचा विषय कधी निघाला नाही. मी वाट बघायची की एखाद्या दिवशी त्या रागावतील. मग मी रडले असते आणि मोकळी झाले असते. त्या रागावल्या नाहीत. मी खाली बसून जेवायची, त्या खुर्चीवर, आणि ती गोष्ट आमच्या मधे ताटाशेजारी असायची.

ह्या पावसाळ्यात बाई गेल्या. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी उठल्या नाहीत. फोन करून भाच्याला मीच कळवलं. काय बोलले आठवत नाही.

तेराव्याला त्यानं मला निरोप धाडला. मी जाऊन बाहेर चपलांपाशी उभी राहिले. आत नातेवाईक बसले होते, परभणीचे, वाशिमचे, मी कधी न पाहिलेले. त्यांतल्या कुणी बाईंना भेटायला येताना मी पाहिलं नव्हतं. त्यांच्यात हत्तींचंच चाललं होतं. भाच्याची बायको बाहेर आली आणि म्हणाली, "आत या ना. तुमी होतात संगं. तुमीच सांगा ह्यांना."

मी उंबऱ्याच्या आत गेले. सगळे माझ्याकडं बघत होते. मी भिंतीकडं बघून सांगितलं. जीप सांगितली, तळं सांगितलं, अकरा सांगितले, लहान पिल्लू सांगितलं. इतकी माणसं समोर असताना मी कधी बोलले नव्हते. आवाज कापला नाही.

भाचा पुढं सरकून बसला होता. डोळे लाल होते. त्यानं विचारलं, "आत्या काय म्हणाली, ते बघितल्यावर?"

हे कोणी कधी विचारलं नव्हतं. बाईंच्या सांगण्यात हे नव्हतंच.

मी म्हणाले, "मला म्हणाल्या, बरं झालं तू संगं आलीस."

त्यानं मान हलवली. त्याची बायको डोळे पुसू लागली. मग त्यानं मला पाणी आणायला सांगितलं, आणि मी आणलेलं पाणी तो प्यायला.

हत्तींचं खोटं बाईंनी माझ्यासाठी केलं होतं. हे एक मी माझ्यासाठी केलं. बाई असं कधीच म्हणाल्या नाहीत.